दिंडोशीच्या भिंतीवरचं माझं सर्टिफिकेट

मुंबईत आमच्या कोकणातल्या गावचं मंडळ आहे, त्यात मी पहिली डॉक्टर. घाटकोपरला शाळेच्या हॉलमध्ये माझा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि मंडळाच्या स्मरणिकेत माझा फोटो छापायचं ठरलं. बाबांना फोटो पुरेना. गिरणी संपात बंद पडल्यापासून त्यांच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांनी माझं मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट नेऊन दिलं. मंडळानेही हौसेने त्याचा छपाईचा ब्लॉक करून अख्खं पान छापलं. नाव, डिग्री, नंबर, सही, शिक्का, सगळं वाचता येईल असं. खालच्या बाजूला एका भांड्यांच्या दुकानाची जाहिरात होती, तीही बाबांनीच आणलेली. मला ते पान पाहून गुदगुल्या झाल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

मी उपनगरातल्या एका सरकारी इस्पितळात नुकतीच कामाला लागले होते. एके दिवशी ओपीडीत एक बाई मुलाला घेऊन आली. इंजेक्शनच्या जागी पू होऊन पोराचा दंड टरारून सुजला होता. "कुठल्या डॉक्टरने टोचलं?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. तिने पिशवीतून औषधाची चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर वरच माझं नाव होतं. आद्याक्षरं, आडनाव, डिग्री, नंबर. पत्ता दिंडोशीचा.

"डॉक्टर चांगले आहेत हो," बाई म्हणाली, "पण ह्यावेळी काय वाट लागली कळत नाही."

तिला माझं नाव ठाऊक नव्हतं. शेजारच्या सिस्टरला होतं. तिने चिठ्ठी वाचली, माझ्या कोटावरची नावाची पट्टी वाचली आणि ड्रेसिंगचा ट्रे पुढे सरकवला. माझे कान तापले. मी गळू फोडलं, पू काढला, आणि पोर किंचाळत असताना मलाच वाटत राहिलं की हे मीच केलंय.

संध्याकाळी आमच्या मोठ्या मॅडमनी मला बोलावलं. "सर्टिफिकेट भाड्याने दिलंस का गं? सरळ सांग." तेव्हा तसं चालायचं. नव्या डॉक्टरचा बोर्ड लावायचा, आत दुसराच कोणी बसायचा, आणि महिन्याला पाकीट घरपोच. मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मग पोलिसात जा आणि कौन्सिलला कळव. त्या पोराचं काही बरंवाईट झालं असतं, तर आधी तुझं रजिस्ट्रेशन गेलं असतं."

बाबा माझ्याबरोबर दिंडोशीला आले. मी नको म्हणत होते, पण ते ऐकतात कुठे. चाळीच्या टोकाला पत्र्याचा दवाखाना, बाहेर माझ्या नावाचा बोर्ड, आत बाकावर चार-पाच पेशंट. आम्हीही बाकावर बसलो. माझ्याच दवाखान्यात मी नंबर लावून बसले होते. समोरच्या भिंतीवर फ्रेम होती, फ्रेमला ताजा हार. बाबांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. आपल्या लेकीचं सर्टिफिकेट इथेही लावलंय, एवढंच त्यांना क्षणभर दिसलं. मग त्यांची नजर खाली सरकली. काचेत भांड्यांच्या दुकानाची अर्धी कापलेली जाहिरात दिसत होती. त्यांनी हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली.

पडदा सारून 'डॉक्टर' बाहेर आला. आमच्याच गावचा, पूर्वी कुठेतरी कंपाउंडर होता. सत्काराला दुसऱ्या रांगेत बसून त्याने टाळ्याही वाजवल्या होत्या.

"अरे काका! बसा, चहा सांगतो." जराही बावरला नाही. मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "ताई, रागवू नका. इथे तुम्हाला कोण ओळखत होतं? आता विचारा कोणालाही, झकास नाव झालंय तुमचं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी भिंतीवरची फ्रेम खेचून काढली आणि हारासकट काखेत मारली. पेशंट ओरडायला लागले, ही कोण बाई डॉक्टरांचं सर्टिफिकेट पळवतेय म्हणून. मीच ती डॉक्टर, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

पोलीस चौकीत साहेबांनी फ्रेम टेबलावर आडवी ठेवली आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "कितीला दिलं होतं?"

मी बोलणार, एवढ्यात बाबा उठून उभे राहिले. गिरणीत साहेबासमोर राहायचे तसे, टोपी हातात धरून. "साहेब, ह्या माज्या चेडवाक काय म्हायत नाय. मिया दिलंय छापूक. माका वाचूक येना नाय, माका काय कळता त्यातला?"

साहेब हसले. हवालदारही हसला. ते सगळं लिहून घेतलं आणि बाबांचा अंगठा घेतला. तो अंगठा कागदावर टेकताना पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी दुसऱ्याने केली होती, आणि चौकीतून चोरासारखे आम्हीच बाहेर पडलो.

दिंडोशीचं ते डॉक्टरकीचं दुकान बंद झालं, माझं रजिस्ट्रेशन राहिलं. पण ते पान मंडळातल्या गाववाल्यांच्या घराघरात होतं, आणि उद्या आणखी कोणी कापलं तर? ज्या दारांत बाबांनी पेढे वाटले होते, त्याच दारांत आम्ही ब्लेड घेऊन गेलो. लोक स्मरणिका काढून द्यायचे, काय झालं ते विचारायचे, आणि बाबा प्रत्येक घरात पहिल्यापासून सगळं सांगायचे. मी बाजूला चपलांकडे बघत उभी. काहींनी समजूत घातली. काहींच्या डोळ्यांत मॅडमचाच प्रश्न होता.

शेवटचं घर आमच्या आतेचं. तिने ते पान देवाच्या फळीखाली चिकटवलं होतं. काढायला गेलो असतो तर फाटलं असतं. बाबा पाटावर चढले.

"नंबर खंयचो, ता दाखव."

मी बोट ठेवलं. त्यांनी नंबर हलक्या हाताने खरवडला, मग सही खरवडली. मग पुन्हा विचारलं, नाव कुठलं. तेही दाखवलं. ब्लेड नावावर टेकवून ते थांबले.

"ह्या रवांदे मां, गो?" त्यांनी मागे वळून न बघता विचारलं.

"राहू दे, बाबा," मी म्हटलं आणि ब्लेड त्यांच्या हातातून काढून घेतलं.