वारा सरला का, सर?

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचा या जगात कशावरही विश्वास नाही. दुधाची पिशवी ते हुंगून घेतात, पेपरावरची तारीख कॅलेंडरशी ताडून बघतात, आणि नळाला बारवी धरणाचं पाणी वेळेवर आलं तर "आज काय भानगड आहे?" म्हणून वॉचमनला विचारून येतात. उभा जन्म अंबरनाथच्या कारखान्यात पाइपांचे जोड तपासण्यात गेला. जोडाला साबणाचं पाणी लावायचं, फुगा आला की माल परत! एकदा कुकर घ्यायला मला उल्हासनगरात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "साईं, पूरी गारंटी!" काका म्हणाले, "गारंटी मुँह से नहीं, पानी से," आणि कुकरात पाणी भरून, झाकण लावून त्यांनी तो भर दुकानात उलटा धरला. सगळं पाणी शेटच्या गादीवर. शेटने हात जोडले आणि मी ओळखच नसल्यासारखा समोरच्या पापडवाल्याकडे बघत राहिलो.

असा माणूस आजारपणात उशाशी नको, असं कुणालाही वाटेल. गेल्या वर्षी माझ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ असलेला तुकडा काढून दोन्ही तोंडं जोडली. जोड हा शब्द कानावर पडला मात्र, काका रोज सकाळी हॉस्पिटलात हजर! माझं मनगट धरून, घड्याळाकडे बघत ओठ हलवत नाडी मोजायचे आणि पेपराच्या कडेला आकडा लिहायचे. मी वैतागून म्हणायचो, "अहो काका, डॉक्टर म्हणालेत ना सगळं उत्तम आहे?"

"जोडणारा उत्तमच म्हणणार, मास्तर. आठवडा जाऊ दे."

पाचव्या दिवशी फजिती झाली. ड्युटीवरची नवी सिस्टर निघाली माझी जुनी विद्यार्थिनी. तिने अख्ख्या वॉर्डासमोर खणखणीत विचारलं, "सर, वारा सरला का?" आता जिला मी भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकवले, तिला या वाऱ्याचं काय सांगायचं? "हो हो, सकाळीच!" मी ठोकून दिलं. खरं तर पोट तट्ट फुगलं होतं, उचकी थांबत नव्हती, चहाचा वासही नको वाटत होता. पण दोन दिवसांत घरी सोडणार होते, उगाच मोडता कशाला घाला? तेवढ्यात डॉक्टर आले. "कसं वाटतंय?"

"एकदम मस्त!"

"डॉक्टर, मास्तर खोटं बोलतायत," काका म्हणाले. "काल नाडी अठ्ठ्याऐंशी होती, आज एकशे अठरा. चहा तसाच परत गेला. आणि वारा सरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो!"

अख्खा वॉर्ड हसला. मला तर काकांना खिडकीतून खाली टाकावंसं वाटलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पोटावर हात दाबला आणि मी "आई गं!" करून ओरडलो. लगेच रक्त तपासलं, स्कॅन काढला. जोड एका बाजूने पाझरायला लागला होता. दुपारीच मला पुन्हा टेबलावर घेतलं. "लवकर कळलं म्हणून निभावलं," डॉक्टर नंतर म्हणाले. माझ्या लाजेपायी माझा जीव जात होता आणि तो काकांच्या संशयाने वाचवला, हे आता मी कुणालाही सांगतो.

घरी आल्यावर एकदा मी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला एवढा संशय आला तरी कसा?"

गॅलरीत बसलेले काका खाली बघत म्हणाले, "आमच्या हिचंही असंच ऑपरेशन होतं. तुम्ही इथे राहायला येण्याच्या आधी. पाचव्या दिवशी मला म्हणाली, मी बरी आहे, तुम्ही घरी जाऊन चार घास खाऊन या. मी गेलो, मास्तर. पोटभर जेवलो."

आतून बायकोने पानं घेतल्याची हाक मारली, तसे काका उठायला लागले.

"बसा हो काका, आज इथेच जेवा. मी बरा आहे," बोलून गेलो आणि जीभ चावली.

काका माझ्या तोंडाकडे नीट बघत राहिले. मग खाली बसत म्हणाले, "वाढायला सांगा."