झोक्यावर सांगितलेलं काम

माझी सून कंपनीचं काम घरी बसून करते, याचं आमच्या गावात आता कुणाला नवल राहिलं नाही. वेचलेला कापूस ज्या खोलीत भरतो, त्याच खोलीत खिडकीशी तिचं टेबल. कापूस चढत चढत खुर्चीपर्यंत आला की म्हणते, "आई, आते मी कापूसमा बुडसू." मुलानं पुणं सोडून शेती धरली, तिला कंपनीनं इथून काम करू दिलं, म्हणून हे घर भरलेलं आहे. ती परवानगी काढून घेतली तर ती पुण्याला, मुलगा शेतावर आणि नातवाची ओढाताण. माझी भीती एवढीच, पण ती रात्रंदिवस माझ्यासोबत असते.

तर झालं असं, एका विद्यापीठातले सर येणार असं कळलं. सॉफ्टवेअर कंपन्यांत काम कसं करायचं ते नियमात लिहिलेलं असतं, आणि माणसं प्रत्यक्षात ते कसं करतात, याचा त्यांचा अभ्यास. कंपनीची परवानगी घेऊन येणार, दिवसभर सुनेजवळ बसणार, बघणार आणि लिहिणार.

"कंपनीनीच धाडेल शे ना त्याले?" मी विचारलं.

"नही वं आई. तो अभ्यास करस, चुगली नही."

"चुगली करनारा काय सांगीसन येस?"

ती हसली, पण मला भ्यायला कारण होतं. तिच्या कंपनीचा नियम असा, की केलेलं काम आधी सोबतच्या एकानं तपासायचं, मग ते पुढं जातं. ते ती करतेच. पण त्याच्याही आधी ती ओसरीवर येते, माझ्याशेजारी झोक्यावर बसते आणि आज काय काय बदललं ते आपल्या अहिराणीत मला सांगते. मला त्यातलं काही कळत नाही. शाळा लहानपणीच सुटली, वाचायला माझी मीच शिकले, पण हे वाचून कळण्यातलं नाही. मी नुसतं हं म्हणते. सांगता सांगता तिला तिची चूक सापडते, आणि सापडली की ती झोक्यावरून उडी मारते. आता कंपनीचं काम बाहेर कुणाला सांगायचं नाही, यावर तिनं सही केलेली. मी बाहेरची का घरची, हे कंपनीला कोण विचारणार?

सर सकाळच्या एसटीनं आले. पोरसवदाच होते. कापसाच्या तुसानं शिंकत शिंकत टेबलाजवळ बसले. मी चहा दिला, जेवायला वाढलं, पण तोंड उघडलं नाही. मुलगा म्हणालाच, "आई, आज बोलाना उपास शे का तुन्हा?" मी डोळे वटारले. बोलायला लागले की मला थांबता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

दिवस कलला. दवाखान्यात पेशंटला भेटीच्या वेळेचा नंबर देणारं सॉफ्टवेअर ती करत होती, ते त्याच संध्याकाळी पाठवायचं होतं. सून उंबऱ्यापर्यंत आली, झोक्याकडे बघितलं, परत गेली. पुन्हा आली. मी मानेनं नको नको म्हणत होते. न सांगता पाठवलं आणि बिघडलं तर बोल तिला लागणार, आणि सांगितलं तर हा माणूस समोर. शेवटी ती येऊन बसलीच. मागोमाग सरही वही घेऊन आले.

"आई, आयक. एक पेशंटनी नंबर सोडा. त्यानी जागावर आपीन दुसराले बठाडं."

मी सरांच्या वहीकडे बघत होते.

"हं म्हन ना!"

"हं."

"आनि पहिलानी तोच नंबर परत मांगा ते..." ती थांबली. "हाय देवा! दोन्हीसले एकच टाइम भेटी जाई!" आणि आत पळाली.

झोका रिकाम्या बाजूनं हलत राहिला. सर म्हणाले, "हे रोज होतं का, आजी?"

"नाही हो, आज तुम्ही आलात म्हणून," मी म्हटलं. ते कसं ऐकू आलं असेल, देव जाणे.

"तुम्हाला समजतं ती सांगते ते?"

"मला काय समजतंय! म्हशीला सांगितलं तरी चालेल तिला. पण म्हैस हं म्हणत नाही ना."

ते हसले आणि लिहू लागले. मला राहवेना. "सर, काय लिहिलंत?"

"जे पाहिलं ते. नाव नाही, गाव नाही."

"अहो, पण तिच्या कंपनीत झोका आणि सासू असलेली दुसरी कोण असेल?"

त्यांनी पेन थांबवलं. "मीही त्याचाच विचार करतोय. लेख आधी तिला दाखवीन. ती म्हणेल ते काढीन."

सून दारात उभी होती. "मी काम सांगते हे लेखात राहू द्या, सर, ते खरं आहे. झोका आणि सासू काढा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढा धीर हिच्यात कुठून आला? माझ्यात तर नव्हता. पुढं कित्येक दिवस तिचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून दाराशी जाई.

लेख आला. मी बोट ठेवून वाचला. 'एक कर्मचारी काम पाठवण्याआधी घरातल्या व्यक्तीला ते समजावून सांगते.' झोका गेला होता, आणि मी झाले होते व्यक्ती. पण तो लेख कंपनीतही गेला. सकाळी तिच्या कॉम्प्युटरवरच्या मीटिंगमध्ये साहेबांचा आवाज दाराबाहेर मला ऐकू आला, "घरी काम सांगणारं ते कोण आहे बाबा आपल्यात?" मी भाकरी थापत होते, ती तव्यावर टाकायचीच विसरले. आतून कुणीच बोलेना, सूनही नाही. मग साहेबच म्हणाले, "कोणीही असो, ग्राहकाचं नाव बाहेर जाता कामा नये," आणि पुढच्या कामाकडे वळले.

त्यांना कळलं होतं का नव्हतं? सून म्हणते, नाही. मला अजून खात्री वाटत नाही.

संध्याकाळी ती आजही येते, बसते आणि "आई, आयक" म्हणते. मी आधी उठते, ओसरीचं दार लोटते, कडी घालते, आणि मग हं म्हणते.