ज्येष्ठ मध आणि मागे कलणारी खुर्ची

उस्ताद गेला तेव्हा त्याची मुलगी मला म्हणाली, "काका, बाबांना तुमच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. एक पानभर लिहून द्या." मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला मला नेहमीच उशीर होतो. खरे सांगायचे तर तेवीस वर्षे मी त्याच्याकडे केस कापून घेतले आणि बहुतेक वेळ त्याला आरशातच पाहिले. त्याचा भांग उजवीकडे होता की डावीकडे, हे आजही खात्रीने सांगता येणार नाही. मला नीट माहीत आहे ते फक्त त्याचे पित्त. गेला तो मात्र हृदयाने.

तो मला पोस्टमास्तर म्हणायचा. मी पोस्टात साधा कारकून होतो. दोनदा सांगून पाहिले, मग बढती स्वीकारली.

जेवण झाले की त्याच्या छातीत जळजळ व्हायची, घशाशी आंबट यायचे आणि पाठोपाठ खोकल्याची उबळ. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे खपून गेले असते. मी पोस्टात तीस वर्षे खोकलो, एकही पत्र जखमी झाले नाही. पण उस्तादच्या हातात वस्तरा असायचा आणि वस्तऱ्याखाली गिऱ्हाइकाचा गळा. एका दुपारी उबळ आली आणि शेजारच्या शिंप्याच्या हनुवटीखाली बारीक चीर पडली. "काही नाही रे, एक टाका पुरे," शिंपी हसून म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने दाढी राखली. महिनाभरात आमच्या गल्लीत विद्वान दिसणाऱ्या माणसांची संख्या बरीच वाढली.

मी दाढी घरीच करू लागलो. त्याला सांगितले, "गालांना साबण सोसत नाही."

"असं होय," तो म्हणाला. मग कात्री चालवता चालवता म्हणाला, "दाढीच गेली तर मी नुसता केस झाडणारा उरलो, पोस्टमास्तर."

गल्लीने गळे दिले नाहीत, सल्ले मात्र सढळ हाताने दिले. बडीशेप चघळ, धन्याचं पाणी पी, कोरफडीचा रस घे, आवळा खा. तो सगळे करायचा, एकाच सकाळी. काष्ठौषधीच्या दुकानदाराने चिठ्ठीवर ज्येष्ठमध लिहून दिले, पण अक्षर इतके ऐसपैस की 'ज्येष्ठ' एकीकडे आणि 'मध' दुसरीकडे. उस्तादला वाटले, मध तो मधच, फक्त वयाने मोठा हवा. मेहुण्याच्या कपाटातून त्याने अकरा वर्षांची बाटली पैदा केली आणि रोज तीन चमचे सुरू केले.

"गुण येतोय का?" मी विचारले.

"ज्येष्ठ आहे ना, घाई करत नाही."

ती एक मुळी असते, हे मी सांगितल्यावर तो माझ्यावरच चिडला. "मग मुळी लिहायला काय झालं होतं त्याला?" पुढे त्याने ती मुळी आणली आणि इतकी चघळली की डॉक्टरांनी रक्तदाब मोजून तीही बंद केली.

त्याच वेळी डॉक्टरांनी विचारले म्हणे, "जेवल्यावर काय करता?"

"काही नाही. आराम."

"कुठे?"

उत्तर सोबत गेलेल्या वहिनींनी, त्याच्या बायकोने, दिले. "दुकानात. दाढीची खुर्ची मागे कलवतात आणि घोरतात. पाय वर, डोकं खाली. आणि दिवसाला बारा कप चहा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. वर्षभर गल्लीतली सगळी वनस्पती पोटात जात होती आणि हा गृहस्थ रोज दुपारी ती पुन्हा घशाकडे पाठवत होता. दुकानाबाहेर बाकावर बसून मी ते घोरणे कितीदा तरी ऐकले होते, पण मला काही सुचले नव्हते.

वहिनींनी त्याच संध्याकाळी खुर्ची कलवायचा दांडा काढून घरी नेला. चहा दोन कपांवर आला, रात्रीचे जेवण सातला, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. जेवल्यावर तो हात मागे बांधून गल्लीतून फेऱ्या मारायचा, जणू गल्ली विकत घ्यायची आहे. तीन महिन्यांत खोकला थांबला. गल्लीतल्या दाढ्या मात्र तशाच होत्या.

एका दुपारी केस कापून झाल्यावर त्याने विचारले, "साबण सोसतो का आता गालांना?"

मला दुसरे कारण सुचले नाही. मी बसून राहिलो.

"मान मागे टाका. खुर्चीचं काम आता तुम्हालाच करायचंय."

वस्तरा गळ्यावर आला आणि घसा खवखवला तो माझा. त्याने हात आधीच उचलला होता.

"घाबरलात?"

"छे."

"मीही नाही," तो म्हणाला. कपाळावरचा घाम पुसून त्याने उरलेली दाढी केली आणि फटकन टॉवेल झटकला.

"आता रविवारी या."

"रविवारी गर्दी असते रे."

"मग सोमवारी."

"सोमवारी तुझं दुकान बंद."

"हो की. बरं, मंगळवारी या."

"येतो."