बडोद्याची जांभळी कचोरी आणि कुमुदचे लग्न

"लग्न ठरेपर्यंत गव्हाचा विषयसुद्धा काढू नकोस," दादाने पुण्याच्या स्टेशनवरच बजावले.

"मग मी बडोद्याला जातेय कशाला?" मी म्हटले.

माझ्या लेकीला, कुमुदला गहू सोसत नाही. लहानपणी पोळी खाल्ली की पोट फुगायचे, मुलगी वाळत चालली होती. वैद्यांनी गहू बंद केला आणि ती अंगाने भरली. आता बडोद्याचे स्थळ आले होते. मुलगा दरबारच्या कचेरीत, माणसे चांगली. पण हे आधी सांगायलाच हवे, असे माझे मत. म्हणून मुलगी दाखवायला आम्हीच निघालो.

जाणाऱ्यांनी मुंबईला मुक्काम करून सकाळची गाडी धरावी, म्हणजे नर्मदेचा पूल उजेडी दिसतो. स्टेशनवर पुरीभाजीच मिळते, तेव्हा आमच्यासारख्यांनी तांदळाच्या दशम्या आणि तिळाची चटणी बांधून न्यावी. भरूचचे खारे दाणे मात्र जरूर घ्यावेत.

बडोद्यात रावपुऱ्याला माझी मावसबहीण गोदाताई राहते. स्टेशनवरून टांगा सहज मिळाला. "या, बेसा! केम, थकलात ना?" तिने दारातच विचारले. इतकी वर्षे इथे राहून तिचे मराठी अर्धे गुजराती झाले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाची आई फराळाला येणार होती. सकाळीच मी पाणीगेटकडच्या बाजारात गेले. थंडीतला बडोद्याचा बाजार पाहावाच: वालपापडी, कोवळी हिरवी तूर, भाजलेल्या ज्वारीचा गरम पोंक, म्हणजे आपला हुरडा. मी तूर निवडता निवडता भाजीवालीला म्हटले, "रताळी द्या."

"आ ल्यो बेन, रताळु," म्हणत तिने मातीने माखलेले कंद पिशवीत टाकले.

घरी येऊन चिरले, तर आत गर्द जांभळे!

"अगं, हे कोनफळ!" गोदाताई हसू लागली. "इथं रताळु म्हणजे हेच. आपलं रताळं हवं तर शक्करिया मागायचं."

पुन्हा बाजारात जायला वेळ नव्हता. इथे हिरव्या तुरीच्या कचोऱ्या करतात, पण पारी गव्हाची. मी कोनफळ उकडून, शिंगाड्याचे पीठ घालून मळले. तूर भरड वाटून आले, मिरची, खोबऱ्यावर परतली. पहिली कचोरी तेलात फुटली.

"आता तरी ऐक, सरळ शिरा कर," दादा म्हणाला.

"शिऱ्यातही गहूच आहे, दादा." मी सारण आणखी कोरडे केले, पिठाची मूठ वाढवली. दुसरी कचोरी टम्म फुगली.

दुपारी होणाऱ्या विहीणबाईंनी दोन खाल्ल्या. "मैदा छान मळलाय. पण हा रंग कसला?"

"मैदा नाही. गहूच नाही," मी म्हणाले. "कुमुदला सोसत नाही." आणि सगळे सांगून टाकले.

"म्हणजे पुरणपोळीसुद्धा नाही? सणाला लोक विचारतील."

मी तोंड उघडणार, तोच कुमुद म्हणाली, "विचारलं तर मीच सांगेन. सगळ्यांच्या पोळ्या मी लाटीन. माझ्या पानात पुरण भातावर घेईन."

"घरी बोलून सांगते," एवढेच म्हणून त्या उठल्या. गोदाताईने चार कचोऱ्या बांधून दिल्या. दादा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मला वाईट वाटत होते, पण पश्चात्ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सूरसागर तलाव पाहून परतलो, तर विहीणबाई गोदाताईच्या स्वयंपाकघरात पदर खोचून बसलेल्या! समोर कोनफळे.

"कुमुद, किती उकडायचं ते दाखव. काल आमच्या ह्यांना कचोऱ्या पुरल्या नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिचं पीठ वेगळ्या डब्यात ठेवावं लागेल ना? सांगितलंत ते बरं केलंत. मुलगी आवडली आम्हाला."

दादाच्या चेहऱ्याकडे मी मुद्दामच पाहिले नाही.

पुण्याला परतून आठवडा झाला. बडोद्याच्या बाजाराची चव अजून जिभेवर आहे, पण त्याहून अधिक कुमुदचे ते बोलणे मनात राहिले आहे. आजवर प्रत्येक पंगतीत तिच्या वतीने मी बोलत आले. आता माघात लग्न. पुढच्या पंगतींना मी तिच्या शेजारी नसेन, आणि त्याची मला काळजी वाटत नाही.