वन्संचं कुसळ

वन्संच्या हातात कुसळ हुतं. म्हंजी नव्हतं, पर त्या म्हनायच्या हाय. दंडाची कातडी चिमटीत धरायची, नखानं कोरायची आन कोरता कोरता म्हनायचं, "हितंच रुतलंय गं हौसे, निगंना झालंय." मी उजेडात नेऊन बघायची. काय न्हाई. गहू काढताना कुनाच्याबी बोटात कुसळ जातं, सुईनं काढलं की सुटलं. वन्संचा गहू घरात यायचा, दळून व्हायचा, खाऊन संपायचा, तरी त्यांचं कुसळ आतच.

वन्सं म्हंजी आमच्या मालकांची थोरली भन. मानूस गेल्यावर सासरी कोनी ठिवून घेतलं न्हाई, म्हनून सोनईकडं आमच्या वस्तीवर आल्या त्या कायमच्याच. ल्योक दत्तू सुप्याला कंपनीत लागला हुता. त्याची एकच खोली, तिथं सून आरती. वन्सं म्हनायच्या, "तिथं मी निजायचं कुठं, मोरीत?" म्हनून आमच्याकडं. कुसळाची सवय सासरीच लागली आसंल. त्या कदी बोलल्या न्हाईत, मी कदी इचारलं न्हाई. आमच्यात तेवढी समज हुती.

मनगटापासनं दंडापत्तूर सगळी खपली. एक वाळायच्या आदी दुसरी. भर वैशाखात बी लांब बाहीचं झंपर. कोनी इचारलं "काय झालं वो हाताला?" की वन्सं म्हनायच्या, "सासरचं कुत्रं चावलंय, माजा इचार करू नको, कुत्र्याचा कर." बाया हसायच्या, पर पानी घेताना तांब्या दुसरीकडनं घ्यायच्या. भावकीत लगीन आसलं की आमी समद्या पोळ्या लाटाय बसायचो. वन्संनी बाही सारली की कोनीतरी म्हनायचं, "वन्सं, तुमी बसा निवांत, आमी हाय की." त्या बाजंवर जाऊन बसायच्या. घरी येताना मला म्हनल्या, "एवडा मान तर मला सासऱ्यानं बी दिला न्हाई गं."

आवाज यायचा. लई बारका. नख खपलीखाली गेलं की कुट करून व्हायचं. घरात धा मानसं बोलत आसली तरी मला त्यो आयकू यायचा. आता वन्सं न्हाईत, तरी येतो. मी भाकरी थापायची थांबती, मागं बघती. मागं भिंत.

पहिल्यांदा आमी चूक केली ती पथ्याची. गावातल्या शान्यासुरत्या बायांनी सांगितलं, रगत खराब झालंय, मीठ बंद, आंबट बंद, वांगं बंद, शेंगदाना तर बगायचा बी न्हाई. झालं. वन्सं आळनी भाकर दुदात कुस्करून खायच्या, ती बी आर्दी. भूक लागली की कोरा चहा. दिसभर चुलीवर चहाचं पातेलं. रोड झाल्या, डोळे खोल गेले, झोप उडाली. आन हात थांबायच्या ऐवजी जास्त चालाय लागले. आमी म्हनायचो, बघा, एवडं पथ्य करून बी रोग हटंना. आजून एक वस्तू बंद करायचो.

मंग आरती बाळंत झाली, तिच्या माहेरी राहात्याला. नात झाली. वन्सं आन मी यष्टीनं गेलो. वन्संनी जुन्या लुगड्याची मऊ दुपटी शिवून नेली हुती. पोरगी अशी गुलाबी, मुठी वळून निजलेली. वन्संनी हात पुडं केले. बाही वर सरकली. आरतीनं बघितलं आन पोर छातीशी धरली.

"आत्याबाई, राग मानू नका," ती म्हनली. "आदी हात बरे होऊ द्या. हिला अजून कातडीच कोवळी हाय."

वरडून बोलली आसती तर वन्संनी दोन ऐकवल्या आसत्या. ती चांगलं बोलली. वन्संनी दुपटी खाटंवर ठिवली, पोरीच्या पायाकडं लांबनं बघितलं, आन म्हनल्या, "नाक आमच्या घरचं हाय. बिचारी."

यष्टीत त्या खिडकीशी बसल्या. मी बघत हुती, हात बाहीत गेलेला. नेवाशाच्या पुडं आल्यावर बोलल्या, "त्या पोरीचं चुकलं न्हाई. तिच्या जागी मी आसती तरी दिली नसती. हौसे, मला नगरला डाक्तरकडं ने. मला ती नात मांडीवर घ्यायचीय. बाकी माजं काय ऱ्हायलं न्हाई."

नगरच्या दवाखान्यात डाक्तरीन बाई तरनी हुती. तिनं हात आसा धरला जसा कोनी धरत न्हाई, तळव्यावर तळवा ठिवून. भिंग लावून बघितलं. मंग म्हनली, "आजी, आत काही नाही. हा रक्ताचा रोग नाही, कुणाला लागणारा नाही. हाताला सवय लागली आहे. टोकरलं की थोडा वेळ बरं वाटतं. हो ना?"

वन्संनी पहिल्यांदा मान वर केली. "व्हय," म्हनल्या. "थोडं बरं वाटतंय. मंग लई वाईट वाटतंय."

डाक्तरीन बाईनं मलम दिलं, बोलायला परत यायला सांगितलं. म्हनली, नुसत्या खान्यानं ही सवय जाणार नाही, पर पोट रिकामं, झोप न्हाई आन वर चहा, मंग हात आवरायचा कुनी? पोटभर जेवा, चहा कमी करा, रोज चाला, नखं बारीक ठेवा, हात कामात ठेवा. आन मला म्हनली, "त्यांच्यावर ओरडू नका."

"म्हंजी मीठ खाऊ?" वन्संनी इचारलं.

"खा की."

"वांगं?"

"वांगंही खा."

वन्सं माज्याकडं वळल्या. "आळनी खाऊन खाऊन माजी जीब मेली, आन तू रोज माज्याम्होरं वांगं भरत हुतीस. पापिनी."

तवापासनं घराची रीतच बदलली. सकाळी चहाला पानी ठिवलं की त्याला आधन येईपत्तूर वन्संचा हात जायचा, हे मी हेरलं हुतं. म्हनून आदी ताटात गरम भाकर, जवसाची चटनी, ताक. चहा मागनं, आन त्यो बी मीच करनार. दुपारी पालेभाजी, डाळ, पोटभर. राती हुलग्याचं पातळ माडगं. आंघोळ झाली की मी दंडाला खोबरेल चोळायची. तेलानं खपली मऊ पडती, आन नख घसरतं, धरायला घावत न्हाई. ऊन उतरलं की दोघी कॅनॉलच्या कडंनं चालून यायचो. बाजाराच्या दिशी मी त्यांची नखं कापायची, पार मुळापत्तूर. त्या म्हनायच्या, "बोटं तरी ठिव."

आन शेंगुळे. हुलग्याच्या पिठात लसून-मिरची घालून मळायचं आन तळव्यावर लांब लांब वळायचं. शेंगा फोडताना एक हात मोकळा ऱ्हातो, त्यो चोरून जातो. शेंगुळं वळताना दोन्ही हात गुततात. जखमा दंडाला, तळवे साफ, म्हनून काय आडचन नव्हती. हात वळवळाय लागले की वन्सं सोताच परात घ्यायच्या. घरात एवडे शेंगुळे झाले की आमचे मालक ताटावर बसून म्हनले, "आक्का, आता मला माजी बोटं बी शेंगुळीच दिसाय लागली. एखांद्या दिशी चावीन."

"चाव," वन्सं म्हनल्या. "तुज्या बोटाला मीठ कमी पडंल."

सरळ न्हाई झालं काय. दत्तूचा फोन यायचा, तो म्हनायचा, "आई, पोरीला कदी आनायचं ते आरतीला इचारून सांगतो." फोन ठिवला की वन्सं गोठ्याकडं जायच्या. मला आवाज यायचा. मी वरडायची न्हाई. रगताच्या बोटांनी पीठ वळता येत न्हाई, म्हनून शेंगांनी भरलेलं सूप न्यायची आन त्यांच्या मांडीवर ठिवायची. त्या माज्याकडं बघायच्या न्हाईत. बोटाचं रगत पदराला पुसायच्या आन शेंगा फोडाय लागायच्या. आमी तशाच बसायचो, दोघी, म्हशींकडं तोंड करून. पर दिस जात गेले तसं गोठ्याकडं जानं कमी झालं. खपल्या पडल्या, खाली पांढरे डाग ऱ्हायले.

पोळ्याला दत्तू आन आरती पोरीला घिऊन आले. वन्संनी दारातच दोन्ही बाह्या वर केल्या आन हात पुडं धरले, चोरानं झडतीला धरावे तसे. आरतीनं हात उलटेपालटे करून बघितले. मंग पोर त्यांच्या मांडीवर ठिवली.

वन्संचा चेहरा तसा मी कदी बघितला नव्हता. पोरगी त्यांचं बोट धरून तोंडात घालाय बघत हुती. गरम व्हतंय म्हनून दत्तूनं तिचं टोपरं काढलं. टाळूवर पिवळी खपली हुती, बारक्या पोरांना ऱ्हाती तशी. कडंला उचललेली.

मी वन्संच्या नखाकडं बघितलं. ते निगालं हुतं. टाळूच्या बोटभर वर यिऊन थांबलं.

"आरती, घे," वन्सं म्हनल्या. "घे हिला. बिगीनं घे."

"का वो? शी केली का?"

"न्हाई. माजं नख गेलं तिच्या डोक्याकडं."

दत्तूनं मान खाली घातली. आरतीनं पोर उचलली. ज्याच्यासाटी वन्संनी एवडं केलं हुतं, ते त्यांनी सोताच्या हातानं दिऊन टाकलं आन मोकळे हात मांडीखाली दाबून बसल्या.

आरतीनं पोर खांद्यावर घेतली. मंग माज्याकडं वळली. "मामी, खोबरेल द्या." वन्संच्या तळव्यावर तेल वतलं, पोर परत मांडीवर दिली, आन गुडग्याला गुडगा लावून खाली बसली. "बोटं वर ठिवा आत्याबाई. नुसत्या तळव्यानं चोळा. मी हितंच हाय."

वन्संनी बोटं मागं वळवली आन तळव्यानं पोरीच्या टाळूला तेल लावलं. "तू उठू नको गं," म्हनल्या. "तू उठलीस की मी बसायची न्हाई." तवापासनं दर येळी तसंच. आरती शेजारी बसायची, मंग वन्सं पोर घ्यायच्या. पोरगी चालाय लागली, पळाय लागली, पर आरती जवळ नसली की वन्सं तिला उचलून घ्यायच्या न्हाईत.

वन्सं गेल्या त्या बसल्या जागी, उन्हात वाळवन राखताना. शेवटची आंघोळ घालाय बाया जमल्या. ज्या कदी तांब्या दुसरीकडनं घ्यायच्या त्याच. एक जन म्हनली, "हात किती साफ झाले हुते वो बाईचे." समद्यांनी हात लावून बघितले.

मी डोक्याकडं हुती. पानी घालाय आंबाडा सोडला, केस वर केले. मानंवर, केसाच्या आत, नखानं उकरलेलं हुतं. एक न्हाई, वळीनं जखमा. वली. आजचीच आसंल एखांदी. त्यांनी कुसळ टाकलं नव्हतं. उचलून मागं नेलं हुतं, पोरीला दिसनार न्हाई तिथं.

मी केस तसेच खाली सोडले आन वरनं पदर वढला.

पायाकडनं आरती म्हनली, "मामी, केस धुवायचे ऱ्हायले."

"ऱ्हाऊ दे," म्हनलं. "तू हातावर पानी घाल."