दाजींचं घर, ताईच्या नावावर

फोन आला तेव्हा मी चेन्नईत, सिरुसेरीच्या ऑफिसात होतो. दाजींच्या अग्निशमन केंद्रातला कुणीतरी भराभरा तमिळ बोलत होता. मला काही कळेना, तरी सवयीनं 'सेरी, सेरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणत राहिलो आणि शेवटी शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात फोन दिला. त्याचा चेहरा बघून कळलं... एका गोदामाला लागलेल्या आगीत दाजी दुसऱ्यांदा आत गेले होते, ते बाहेर आलेच नाहीत. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. त्यांच्या मराठीत अधूनमधून तमिळ डोकावायचं. मी हसलो की धाकट्या भावाला मारावी तशी हाक मारून म्हणायचे, "तंबी, तुमची मराठी फार घाईची." आगीकडे धावत सुटणारा हा माणूस जेवायला मात्र तासभर घ्यायचा. चेन्नईतलं वेलचेरीचं घर त्यांनी आपल्या आईच्या नावावर घेतलं. पहिलं घर आईचंच, ही त्यांच्या घरातली रीत. ताई साताऱ्याची, तिनं तेव्हा चार दिवस गाल फुगवले होते.

दाजी गेल्यावर काही आठवड्यांनी केंद्रातले लोक घरी आले. कामावर असताना गेलेल्या जवानाच्या पत्नीला घरपट्टी माफ होते म्हणाले, पण घर तिच्या नावावर हवं आणि तिनं तिथंच राहायला हवं. आम्ही तर ताईला साताऱ्याला न्यायचं ठरवून बसलो होतो. बॅगा भरून तयार होत्या. ती हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. दाजींच्या आईनं, अम्मांनी, घर मुकाट्यानं तिच्या नावावर करून दिलं.

घरपट्टीच्या कचेरीत साहेबांनी इंग्रजीत विचारलं, बाई इथंच राहणार ना? अम्मा त्यांच्याशी तमिळमध्ये काहीतरी बोलल्या आणि ताईकडे वळल्या. "माफी नको म्हणून सांगितलं मी. पट्टी मी भरते. घर तुझंच, पण त्यापायी अडकू नकोस. साताऱ्याला आईकडे जा."

कितीतरी दिवसांत ताईचा आवाज ऐकला नव्हता. "जाऊन काय करू, अम्मा? राहते म्हणून सांगा त्यांना."

मला बरं वाटलं की वाईट, कुणास ठाऊक.

घरी आलो. दारात दाजींच्या चपला होत्या, तोंड बाहेर करून. बोलावणं आलं की पाय सरकवून निघता यावं म्हणून ते कायम तशाच ठेवत. इतके दिवस त्यांना कुणी हात लावला नव्हता. ताई खाली बसली, तिनं त्या उचलल्या आणि तोंड घराकडे करून ठेवल्या.