आत्याचा प्रश्न सगळ्यात वर

मैत्रिणींनो, सोनोग्राफीत एंडोमेट्रिओसिस निघाल्यावर उद्या पहिल्यांदाच डॉक्टरांकडे जायचंय. दुपारी मोबाईलवर प्रश्न लिहीत बसले होते. ऑपरेशन लागेल का? मूल होईल ना?

मुळशीची आत्या शेजारी वाल सोलत होती. "काय हुतंय गं तुला?" पाळीत पोटात किती कळा येतात ते सांगितलं, तशी ती सोलायची थांबली.

"मलाबी आसंच व्हायचं. पानशेतचं धरन फुटलं त्या साली लगीन झालं माजं. भातलावणीला वाकलं की डोळ्यापुढं अंधारी यायची. समदी म्हनायची, सोंग करती."

मग हळूच म्हणाली, "डाक्टरला माजं बी इचार. माजं दुखनं खरं हुतं का?"

तिनं सोसलं म्हणून नाही, ह्या वयात विचारलं म्हणून मला तिचं लई कौतुक वाटतंय. तिचा प्रश्न सगळ्यात वर लिहिलाय.

आणि उद्या तिलाही सोबत नेतेय. उत्तर तिनं स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं, हो ना?